वस्तीत अभ्यासवर्ग चालवणारी संस्था, कॉलेज ग्रुपने समाजकामाचा प्रोजेक्ट करायचा असेल तर आधी हे वाचा (५ पैकी ४ स्टार)

आधीच सरळ सांगते, ज्यांना एका शनिवारी जाऊन सगळ्यांनी सेम टी-शर्ट घालून बॅनर धरून फोटो काढून घरी यायचंय त्यांनी इथे फोन करू नका, ते नाही म्हणतील आणि तुमचा मूड जाईल. पण ज्यांची एक अख्खं सेमिस्टर आठवड्यातून दोन संध्याकाळी कुठेतरी नेमाने जायची खरंच तयारी आहे त्यांच्यासाठी नाशकात इतकं नीट प्लॅनिंग करून देणारी दुसरी जागा मला तरी माहीत नाही. मी आमच्या ग्रुपची लीडर होते, मागच्या वर्षी, दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हा. आता खालच्या बॅचची पोरं रोज विचारतात ताई कुठे करू प्रोजेक्ट, कसं करू, पत्र काय लिहू, तर म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकते.

संस्था काय करते ते थोडक्यात. पेठ रोडच्या बाजूला पेठ, सुरगाणा, हरसूल तिकडून कामाला आलेली कुटुंबं राहतात, कोणी बांधकामावर, कोणी द्राक्षाच्या बागेत, कोणी रोज सकाळी नाक्यावर उभं राहून मिळेल ते. त्यांच्या मुलांसाठी संध्याकाळी पाच ते सात अभ्यासवर्ग. पत्र्याच्या दोन खोल्या, एक फळा, दोन पूर्णवेळ ताई आणि बाकी सगळा कारभार येणाऱ्या-जाणाऱ्या स्वयंसेवकांवर, म्हणजे आपल्यासारख्या कॉलेजवाल्यांवर. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आहे, तो कागद त्यांनी आम्ही न मागता दाखवला. तुम्ही दुसऱ्या कुठल्या संस्थेत जाल तिथे मात्र मागा, लाजू नका, कॉलेज पण नंतर मागतंच.

आता मुख्य गोष्ट, ज्याच्यासाठी चार स्टार दिलेत, ती म्हणजे यांची पहिली मीटिंग. आम्ही मस्त पीपीटी बनवून गेलो होतो, त्यात भिंती रंगवणे, ब्लँकेट वाटप, आरोग्य शिबिर, जादूचे प्रयोग, एक झाडं लावायचा कार्यक्रम असं सगळं होतं, प्रत्येकाची एकेक आयडिया, कोणाला वाईट वाटायला नको म्हणून सगळंच घातलेलं. ताईंनी शांतपणे सगळ्या स्लाइड बघितल्या आणि एकच विचारलं, यातलं कोणी मागितलंय? मग त्यांनी प्रश्न सुरू केले. किती जण येणार ते नाही, किती जण *दर आठवड्याला* येणार. परीक्षा कधी. गावाला कोण कोण जाणार दिवाळीत. गाडी कोणाकडे आहे, बसने कोण येणार. मुलींना घरी किती वाजता पोचावं लागतं. कोणाला चित्र येतं, कोणाला गणित शिकवता येतं, कोणाला फॉर्म भरता येतात. एक जण आजारी पडला तर त्याच्या जागी कोण. आणि शेवटी, तुम्ही गेल्यावर तुमच्या गटातल्या मुलांचं काय. मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांनी सुद्धा इतकं विचारलं नसतं. आमच्यातले दोघं बाहेर आल्यावर चिडले, म्हणाले आपण फुकट काम करायला आलोय का इंटरव्ह्यू द्यायला, आणि त्यातला एक जण परत आलाच नाही, दुसऱ्या ग्रुपमध्ये गेला. माझं मत उलट आहे. जी संस्था तुम्हाला काहीच न विचारता या या म्हणते ना, तिथे तुमचं काम काय असणार हे त्यांनाच माहीत नसतं, तुम्ही गेल्यावर कोणीतरी इकडेतिकडे बघून सांगतं की बरं आता हे जरा झाडून घ्या.

दुसऱ्या मीटिंगला त्यांनी आम्हाला पालकांसमोर बसवलं, रविवारी सकाळी, कारण बाकीच्या दिवशी सकाळी वस्तीत मोठं माणूस सापडतच नाही. आम्हाला फक्त ऐकायला सांगितलं होतं, प्लॅन सांगायचा नाही अशी अट. तिथे ब्लँकेट हा शब्द कोणी काढला नाही. एक बाई म्हणाली पोरगा चौथीला आहे पण बसचा बोर्ड वाचता येत नाही, कुठल्या बसमध्ये बसायचं ते मलाच विचारतो आणि मला तर काहीच वाचता येत नाही. एक काका म्हणाले गावाला गेलो की शाळेतून नाव काढतात का काय अशी भीती वाटते, परत आलो की पुन्हा कागद मागतात. यातून दोन कामं निघाली, एक वाचन आणि दुसरं कागदपत्रं, आणि आमचा सगळा प्रोजेक्ट त्या दोनवरच झाला. भिंत रंगवायची राहिली ती राहिलीच. (माझं अजूनही म्हणणं आहे की एक भिंत रंगवू दिली असती तर काही बिघडलं नसतं, पोरांना आवडली असती, पण ते जाऊदे.)

त्यानंतर एक पानी करार. मराठीत, साध्या भाषेत, कोर्टातल्यासारखा नाही. संस्था काय देणार, आम्ही काय देणार, वार आणि वेळ, दोघांचा एकेक जबाबदार माणूस, सुट्टी घ्यायची तर किती आधी कळवायचं, खर्च कोणाचा, आणि शेवटच्या आठवड्यात मुलांच्या नोंदी कोणाकडे द्यायच्या. आम्ही सह्या केल्या, आमच्या सरांनी केली, ताईंनी केली. मला तेव्हा वाटलं होतं एवढं कशाला, पण सेमिस्टरच्या मध्येच कॉलेजने गॅदरिंगची तारीख पुढे-मागे केली आणि अर्धा ग्रुप डान्सच्या प्रॅक्टिसला अडकला तेव्हा त्याच कागदावर बोट ठेवून मी सरांकडून पोरं सोडवून आणली. सह्या असलेला कागद असला की सर पण ऐकतात.

पैसे काही घेत नाहीत. फक्त स्टेशनरी आपली आपण, ती आम्ही मेनरोडवरून होलसेलमध्ये घेतली, कार्डशीट, स्केचपेन, दोरी, चिमटे, वह्या, दोन-अडीच हजारात सगळं बसलं, वर्गणी काढून. खाऊ आणायचा नाही हा नियम आहे. का ते विचारलं तर म्हणाल्या की मग मुलं खाऊच्या दिवशी येतात आणि बाकीच्या दिवशी ग्राउंडवर असतात. बरोबर आहे.

ट्रेनिंग अर्धा दिवसाचं होतं आणि खरं सांगते कॉलेजमधल्या कुठल्याही ओरिएंटेशनपेक्षा कामाचं. नियम कडक आहेत. कुठल्याही मुलाबरोबर बंद खोलीत एकटं बसायचं नाही. गाडीवर बसवून चक्कर मारायची नाही. नंबर द्यायचा-घ्यायचा नाही. पुढच्या वर्षी पण येईन असं कबूल करायचं नाही. एखाद्या मुलाने घरातलं काही वाईट सांगितलं, मारहाण वगैरे, तर आपल्या ग्रुपवर चर्चा करायची नाही, त्याच दिवशी ताईंना सांगायचं, आणि १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर सगळ्यांना पाठ करायला लावला. फोटोवर पूर्ण बंदी. यावरून आमच्यात बरीच वादावादी झाली कारण रिपोर्टला फोटो लागतात, पण त्यांनी कायदाच सांगितला, की काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख नाव, पत्ता, शाळा किंवा फोटो देऊन उघड करायला बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ ने बंदी आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आता वस्तीतलं प्रत्येक मूल काही त्या व्याख्येत येत नाही, पण कुठलं येतं हे आपल्याला काय कळणार, म्हणून सरसकट बंदी. आम्ही शेवटी फळ्याचे, मुलांच्या चित्रांचे आणि नुसत्या हातांचे फोटो लावले आणि सरांनी चालवून घेतले.

वाचनाचं काम कसं केलं ते जरा सविस्तर सांगते कारण हेच तुम्हाला कुठेही उपयोगी पडेल. आम्हाला वाटलं होतं तिसरीची मुलं एका गटात, चौथीची दुसऱ्या, असं करू. ताई म्हणाल्या इयत्ता विसरा. मुलांना कितपत वाचता येतं ते बघणाऱ्या 'असर'च्या सर्वेक्षणात वापरतात तसा कागद असतो, 'प्रथम' या संस्थेकडून सुरू झालेलं ते सर्वेक्षण २००५ पासून चालू आहे, त्यात एका पानावर अक्षरं, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट एवढंच असतं. एकेका मुलाला बाजूला घेऊन वाचायला द्यायचं आणि ते जिथे अडतं ती त्याची पातळी, मग गट त्या पातळीप्रमाणे. झालं काय की सहावीचा एक उंच मुलगा अक्षरांच्या गटात आला आणि दुसरीतली एक चिमुरडी गोष्टीच्या. त्या मुलाला लहानांबरोबर बसायची लाज वाटायला लागली तर ताईंनी त्याला अक्षरकार्ड बनवायच्या कामाला लावलं, कापायची, लिहायची, दोरीवर लावायची, आणि कार्ड बनवता बनवता तो शिकला. हे आम्हाला सुचलं नसतं, याचे मार्क पूर्ण त्यांचे.

अजून एक, घरात ही मुलं कोकणा किंवा महादेव कोळी लोकांची बोली बोलतात आणि पुस्तकातली मराठी त्यांना अर्धी परकीच. आमच्या ग्रुपमध्ये सुरगाण्याचा एक मुलगा होता, कॉलेजमध्ये मागच्या बाकावर बसणारा, फारसं न बोलणारा, तिथे गेल्यावर तोच सगळ्यात भारी शिक्षक निघाला. तर ग्रुप करताना फक्त आपल्या कट्ट्यावरचे मित्र-मैत्रिणी घेऊ नका, पेठ-सुरगाणा-त्र्यंबकची मुलं प्रत्येक कॉलेजात असतात, होस्टेलला राहतात, त्यांना विचारा.

कागदपत्रांचं काम कंटाळवाणं आहे पण त्याचा रिझल्ट लगेच दिसतो. काम करायला गाव सोडून जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांना शिक्षण हमी कार्ड मिळतं, ते दाखवून दुसऱ्या गावच्या शाळेत बसता येतं. हे वस्तीत फार कमी लोकांना माहीत होतं आणि आम्हाला तर अजिबातच नाही. आमची कॉमर्सची दोन मुलं फक्त हेच करत होती, घरोघरी जाऊन यादी करायची, कोण कधी जाणार, कुठल्या तालुक्यात, आणि ती यादी ताईंकडे द्यायची, पुढचं शाळेशी बोलणं त्या करायच्या. संस्थेने आम्हाला शाळेत किंवा सरकारी ऑफिसात आमच्या नावाने जाऊ दिलं नाही, जे मला तेव्हा खटकलं, पण ओळख त्यांची, उत्तरं त्यांनाच द्यावी लागतात, तर ठीके.

वेळापत्रकाबद्दल सगळ्यांनी नीट वाचा. आपलं सेमिस्टर आणि द्राक्षाचा सीझन यांचं अजिबात जमत नाही. ऑक्टोबरची छाटणी सुरू झाली की काही कुटुंबं दिंडोरी-निफाडकडे बागांवर सरकतात आणि जानेवारीपासून मार्च-एप्रिलपर्यंत काढणी असते तेव्हा तर वर्ग निम्मा रिकामा. तिकडे आपली परीक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरला एक आणि मार्चनंतर दुसरी. म्हणजे काम करायला खरा काळ जुलै ते सप्टेंबर, आणि त्यात गणपती. ताईंनी हे सगळं पहिल्याच मीटिंगला कॅलेंडरवर पेनाने खुणा करून दाखवलं होतं. जानेवारीत प्रोजेक्ट सुरू करणारे ग्रुप त्या घेतच नाहीत, आणि बरोबरच आहे, शिकवणार कोणाला.

आता एक स्टार कुठे गेला ते.

फोन उचलत नाहीत. म्हणजे उचलतात पण चौथ्यांदा, आणि मेसेजला तर निळी टिक दिसते, उत्तर नाही. दोनच माणसं आहेत मान्य, पण बस चुकली आम्ही अर्धा तास उशिरा येतोय एवढं सांगायचं असलं तरी जीव जातो.

सर्टिफिकेट फार उशिरा आलं. विद्यापीठाच्या नवीन रचनेत आपल्याला फील्ड प्रोजेक्ट किंवा कम्युनिटी एंगेजमेंटचे दोन क्रेडिट असतात, एका क्रेडिटला प्रॅक्टिकलचे तीस तास धरले तर साठ तास भरतात, आणि त्याचा सहीशिक्क्याचा कागद सबमिशनच्या आधी लागतो. आमचा सबमिशन झाल्यावर आला. सरांनी तोपर्यंत हजेरीवहीच्या झेरॉक्सवर भागवलं म्हणून वाचलो. त्यामुळे तुम्ही पहिल्या दिवसापासून आपली वेगळी हजेरीवही ठेवा आणि दर आठवड्याला ताईंची सही घ्या, नंतर एकदम घेऊ म्हणाल तर झालं.

टॉयलेट नाही. खोल्यांच्या जवळ कुठेच मुलींसाठी धड सोय नाही, आम्ही निघायच्या आधी कॉलेजमधूनच जाऊन यायचो. हे संस्थेने पहिल्या मीटिंगला सांगायला हवं होतं, एवढे प्रश्न विचारता ना मग हेही सांगा. आणि सात वाजता सुटल्यावर मोठ्या रस्त्याला येईपर्यंतची वाट अंधारी आहे, थंडीत तर सहालाच काळोख. आम्ही सगळ्या मुली एकत्रच निघायचो आणि एक मुलगा बसमध्ये बसेपर्यंत थांबायचा, हे ग्रुपने आधीच ठरवून घ्या. सिटीलिंकच्या बसने जाता येतं पण त्या वेळेला गर्दी असते, निमाणी स्टँडवरून बदलावी लागते काहींना.

शेवटी, मोठ्या ग्रुपला इथे जागाच नाही. दहा-बारा जणांच्या वर घेत नाहीत. एनएसएसच्या, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेच्या, युनिटला शंभर मुलं असतात, ती कुठे घालायची हा आमच्या एनएसएसच्या सरांचा प्रश्न होता आणि तो खराच आहे. एनएसएसमध्ये वर्षाला १२० तास आणि सात दिवसांचं निवासी शिबिर असतं, दत्तक गाव ठरलेलं असतं, तिथे पन्नास जण मिळून एक बंधारा घालू शकतात, तो साचा वेगळा. १९६९ ला गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी ते सुरू झालं तेव्हापासून गाव आणि श्रमदान हीच त्याची चाल आहे. पत्र्याच्या दोन खोल्यांत शंभर जण उभे राहिले तर मुलं बाहेर बसतील.

यावरूनच एक सांगते, दरवर्षी निम्मे ग्रुप रामकुंड, गोदाघाट साफसफाई घेतात. कॅमेरा, हातमोजे, निर्माल्याच्या पिशव्या, मागे नदी, फोटो झकास येतो. आता २०२७ चा सिंहस्थ जवळ आलाय तर तिकडे अजून झुंबड उडणार. मी गोदाघाटाला नावं ठेवत नाहीये, गणपती विसर्जनाच्या दिवशी मूर्तीदान आणि निर्माल्य गोळा करायला उभी राहणारी पोरं रात्री उशिरापर्यंत पाण्यात असतात, मी पाहिलंय, ते सोपं काम नाही. पण तिथे सुद्धा मनपाच्या सफाई कर्मचाऱ्यांना आधी विचारा की तुम्हाला कधी, कुठे, किती माणसं लागतात. न विचारता सकाळी दहाला गेलात तर त्यांचं झाडून झालेलं असतं आणि घंटागाडी पण निघून गेलेली असते, मग गोळा केलेल्या पिशव्या घेऊन कुठे जाणार.

संस्थेशी माझं एका मुद्द्यावर अजून पटत नाही, एका दिवसाचं काम म्हणजे सगळं वाया असं त्यांचं म्हणणं. त्यांच्याकडे देणगीत आलेल्या पुस्तकांची खोकी पडून होती, कव्हर घालायची, पातळीप्रमाणे लावायची, फाटकी वेगळी करायची, हे वीस जणांचा ग्रुप एका रविवारी उरकेल आणि मुलांशी संबंधच येत नाही तर त्यांचे सगळे नियमही पाळले जातील. मी तसं सांगितलं, ताई बघू म्हणाल्या. बघू म्हणजे काय ते आपल्याला माहीते.

ज्यांना यावर्षी करायचंय त्यांनी जूनमध्येच फोन लावा, कॉलेज सुरू होण्याची वाट बघू नका, कारण जुलैचे स्वयंसेवकांचे दोन्ही गट लवकर भरतात. सकाळी अकराच्या आधी लावा, दुपारी त्या वस्तीत असतात आणि संध्याकाळी वर्गात. कॉलेजच्या लेटरहेडवरचं पत्र, सरांचा नंबर आणि प्रत्येकाच्या परीक्षेच्या तारखा सोबत न्या. पीपीटी नेऊ नका, वही-पेन न्या.